खजिन्याचं जहाज, बंड आणि प्रेमप्रकरण : असं खरंच कधी घडलंय का?

डोलकाठी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एक दीर्घकथा लिहायला घेतलीय. मालमसाला नेहमीचाच, सतराव्या शतकातलं शिडाचं जहाज, तळात चांदीने भरलेल्या पेट्या, जुलमी कप्तान, देखणा खलाशी आणि एका बड्या व्यापाऱ्याची तरुण बायको. दोघांचं जमतं, कप्तानाला कळतं, खलाशी पेटून उठतात, बंड होतं आणि पहाटे हे दोघं एक पेटी घेऊन छोट्या होडीतून पसार. अर्ध्यात आल्यावर माझी मलाच शंका यायला लागली की असं कधी कुठे घडलं तरी होतं का? म्हणजे खजिना, बंड आणि प्रेम तिन्ही एकाच जहाजावर? मुळात अशा जहाजांवर बायका असायच्या का? आणि प्रेमापायी कुणी बंड केलंय का, की बंडं नेहमी पगार आणि पाण्यावरूनच व्हायची? जाणकारांनी लिहा. ज्यांना फक्त टांग खेचायचीय त्यांचंही स्वागत.

उलटा_चष्मा
टांग खेचणाऱ्यांत पहिला नंबर माझा. चांदीने भरलेली पेटी दोघांनी मिळून उचलून दाखवा आधी. होडीत ठेवायची गोष्ट नंतर.

निशिगंध२१
हाहाहा, पेटी सोडा, मूठभर हिरे द्या त्यांना. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

खारा_वारा
मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, शिडाच्या नाही इंजिनाच्या, पण काही गोष्टी बदलत नाहीत. तुमचा देखणा खलाशी राहणार मुख्य डोलकाठीच्या पुढे आणि व्यापाऱ्याची बायको मागच्या बाजूच्या केबिनीत. त्याला कामाशिवाय मागे पाऊल टाकायची मुभा नसायची. पन्नासेक मीटर लांबीच्या लाकडी जहाजात तीनशे माणसं कोंबलेली, त्यात सैनिक खालच्या मजल्यावर, तिथे धड उभंही राहता यायचं नाही. एकांत हा प्रकारच नाही. ज्याला दाराची खोली आहे त्यालाच प्रेमप्रकरण परवडणार, म्हणजे कप्तान नाहीतर व्यापारी. तेव्हा नायक बदला असा माझा फुकटचा सल्ला.

आणि जुलमी कप्तान म्हणताय, पण डच व्यापारी कंपनीच्या जहाजांवर कप्तान हा सर्वेसर्वा नसायचाच. वर मालाचा मुखत्यार असलेला व्यापारी बसलेला असायचा. ज्याला सुकाणू कुठल्या बाजूला असतं हे माहीत नाही त्याने आयुष्यभर समुद्रात काढलेल्या माणसाला हुकूम सोडायचे. बंडाचं बी तिथेच.

जुनी_वही
डोलकाठी, तिन्ही गोष्टी एका जहाजावर होत्या, आणि खारा_वारा म्हणतात ते भांडण तर अगदी तस्संच होतं. डच ईस्ट इंडिया कंपनीचं 'बटाव्हिया'. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

जहाज नवं कोरं, पहिलीच सफर. ऑक्टोबर १६२८ मध्ये हॉलंडच्या टेक्सल बेटापासून निघालं, जायचं होतं जावा बेटावरच्या बटाव्हियाला म्हणजे आजच्या जकार्ताला. वर सव्वातीनशेहून जास्त माणसं, त्यात बायका-पोरंही होती, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर हो. चांदीच्या नाण्यांच्या १२ पेट्या. शिवाय मोगल दरबारात खपवायचं जडजवाहीर, त्यात रोमन काळातलं एक भलंमोठं कोरीव रत्न, ते आज लायडनच्या संग्रहालयात आहे.

सगळ्यात वरचा अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट, व्यापारी. हा आग्र्याला कंपनीच्या वखारीत अनेक वर्षं होता, जहांगीराच्या काळातल्या हिंदुस्थानाबद्दल त्याने लिहिलेला अहवाल आजही इतिहासकार काढून वाचतात. त्याच्या हाताखाली कप्तान आरियान याकोब्स. या दोघांचं आधी सुरतेला वाजलेलं, कप्तानाने दारूच्या नशेत चारचौघांत पेल्सार्टचा अपमान केला होता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. आणि कंपनीने या दोघांनाच एका जहाजावर बसवलं! तिसरा येरोनिमुस कॉर्नेलिस, पेल्सार्टच्या खालोखालचा व्यापारी. मूळचा हार्लेमचा औषधविक्रेता, धंद्याचं दिवाळं निघालेलं आणि धर्माबद्दलची मतं अशी की गाव सोडलेलं बरं.

आता बायका. लुक्रेशिया यान्स, विशीतली, देखणी, जावाकडे नवऱ्याला भेटायला निघालेली. सोबत मोलकरीण झ्वान्ट्ये हेन्ड्रिक्स. कप्तानाने आधी लुक्रेशियावर डोळा ठेवला, तिने झिडकारलं, मग तो मोलकरणीच्या मागे लागला आणि तिथे मात्र जमलं. केप ऑफ गुड होपला पेल्सार्ट किनाऱ्यावर गेल्यावर हा झ्वान्ट्येला आणि कॉर्नेलिसला घेऊन होडीने दुसऱ्या जहाजांवर दारू ढोसायला गेला, तिथे दंगा केला. पेल्सार्टने पुन्हा झापलं. त्यानंतर पेल्सार्ट बरेच दिवस आजारी होऊन केबिनीत पडला आणि इकडे कप्तान आणि कॉर्नेलिसचं ठरलं की जहाज ताब्यात घ्यायचं, नको असलेल्यांना समुद्रात टाकायचं आणि चाचेगिरी करायची.

ठिणगी कशी पाडायची? एका रात्री तोंडं झाकलेल्या माणसांनी लुक्रेशियाला डेकवर गाठलं आणि तिच्या अंगाला, तोंडाला घाण आणि डांबर फासलं. हिशोब असा की पेल्सार्ट चिडून सरसकट शिक्षा देईल, खलाशी भडकतील आणि बंडाला निमित्त मिळेल. तिने एकाला आवाजावरून ओळखलं सुद्धा, जहाजाचा बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम, यान एव्हर्ट्स. पण पेल्सार्टने लगेच कुणालाच हात लावला नाही. पुढचं नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

उलटा_चष्मा
असं ऐन मोक्याच्या जागी कुकर लावणाऱ्यांना तळाखालून ओढायची शिक्षा असावी.

प्रश्नचिन्ह
ही 'तळाखालून ओढायची' शिक्षा खरंच होती का? सिनेमातलं वाटतं.

खारा_वारा
खरी होती, डचांकडे तर रीतसर शिक्षा होती. दोराला बांधून जहाजाच्या एका अंगाने पाण्यात सोडायचं आणि तळाखालून दुसऱ्या अंगाने बाहेर ओढायचं. तळाला शंख-शिंपले चिकटलेले असतात, कातडी सोलून निघते. याच बटाव्हिया प्रकरणात काहींना ती झाली.

जुनी_वही
कुकर झाला.

४ जून १६२९, पहाटेच्या आधीचा अंधार. टेहळणीवरच्या माणसाला समोर पांढरं काहीतरी दिसलं, त्याने लाटा फुटतायत असं सांगितलं, कप्तान म्हणाला चंद्राचा उजेड आहे. जहाज शिडं फुगलेली असताना ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आब्रोल्होस बेटांच्या खडकावर चढलं. चाळीसेक माणसं बुडाली, बाकीची हळूहळू जवळच्या बारक्या बेटांवर उतरली. पाणी नाही, झाड नाही. पेल्सार्ट, कप्तान आणि आणखी काही अशी ४८ माणसं मोठी होडी घेऊन आधी पाणी शोधायला आणि मग थेट जावाकडे निघाली. ३३ दिवसांत पोचली, आणि पोचली तेव्हा अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जिवंत.

मागे राहिलेल्यांचा प्रमुख कोण? कॉर्नेलिस, हुद्द्याने तोच मोठा उरला. त्याला माहीत होतं की जावाला पोचल्यावर कप्तान अडकला तर आपलंही नाव येणार. म्हणून बेत असा की सुटकेला येणारं जहाजच पळवायचं, आणि त्यासाठी आपल्याला नको असलेली माणसं आधी कमी करायची. शंभराहून जास्त माणसं मारली दोनेक महिन्यांत, बायका आणि तान्ही पोरं धरून. आणि स्वतः पेल्सार्टचे कपडे घालून मिरवत होता, त्याच्या टोळीने कंपनीच्या लाल कापडावर सोनेरी लेस लावून गणवेश शिवले होते. खायला प्यायला नाही आणि लेस लावतायत.

सातवा_मजला
थरकाप. हे शाळेत का शिकवत नाहीत?

कुरकुऱ्या
शाळेत काय काय शिकवणार अजून.

जुनी_वहींचं छान आहे पण धाग्याचा प्रश्न होता जहाजावरच्या बंडाचा. तुमच्याच म्हणण्यानुसार जहाजावर बंड झालंच नाही. बेत शिजला, जहाज आधीच फुटलं, आणि मग बेटावर जे झालं ते सरळ हत्याकांड. दुसरं म्हणजे हे सगळं सांगतंय कोण? पेल्सार्टची रोजनिशी. ज्याच्या हाताखाली कंपनीचं नवं जहाज बुडालं आणि जो माणसांना तिथे सोडून होडीतून गेला, तोच चौकशी करणार, तोच लिहून ठेवणार. आणि कबुलीजबाब घेतलेत नाकातोंडात पाणी ओतून छळ करून. त्यात मोलकरणीचं प्रेमप्रकरण रंगवलं की कप्तान आपोआप बदफैली ठरतो. मला तर हे प्रेमप्रकरणच संशयास्पद वाटतं.

जुनी_वही
कुरकुऱ्या, रोजनिशी एकतर्फी आहे हे मान्य. पण ती एकटी नाही. जहाजावर एक धर्मोपदेशक होता, गेस्बर्ट बास्टियान्स, तो वाचला आणि त्याने घरी लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. बेटावरच्या गोष्टी त्यातही आहेत. आणि बेटांवर पुढे सांगाडे निघालेत, कवटीवर घाव असलेले. तेव्हा हत्याकांड पेल्सार्टने रंगवलेलं नाही. कप्तानाच्या बंडाबद्दल मात्र तुमचा मुद्दा वजनदार आहे, जावाला त्याला कोठडीत टाकलं, छळलं, पण आरोप पक्का सिद्ध करता आला नाही. फासावर गेला तो बोसन.

निशिगंध२१
मी पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

डोलकाठी, तुम्ही यातून प्रेमकथा काढणार असाल तर एक गोष्ट आधी वाचा. बेटावर कॉर्नेलिसने लुक्रेशियाला आपल्या तंबूत आणून ठेवलं. गोड बोलून बघितलं, जवळजवळ दोन आठवडे ती बधली नाही. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे, झेव्हांककडे तक्रार केली, आणि झेव्हांकने तिला स्वच्छ सांगितलं की ऐक, नाहीतर इतर बायकांचं झालं तेच तुझं होईल. मग ती 'तयार' झाली. त्या धर्मोपदेशकाची मुलगी युडिक, तिची बंडखोरांतल्या एकाशी 'सोयरीक' ठरवली होती. बाप आणि ही मुलगी बंडखोरांच्या तंबूत जेवायला बसलेली असताना तिकडे हिची आई आणि भावंडं मारली. आणि मग हिने त्याच माणसाबरोबर राहायचं, कारण तो आहे म्हणून ही आणि बाप जिवंत.

यात कुणी 'निषिद्ध प्रेम', 'सौंदर्यवतीमुळे जहाजावर वादळ' वगैरे लिहिलं की माझं डोकं फिरतं. तिच्यामुळे काहीही झालेलं नाही. तिने फक्त एका माणसाला नाही म्हटलं होतं.

उलटा_चष्मा
निशिगंध, +१. विनोद बंद.

मोडकी_सायकल
+१११

सातवा_मजला
तोच प्रकार आपल्या बाजूच्या समुद्रातही झालाय. हेन्री एव्हरी, इंग्रज समुद्री चाचा. तिथे बंड, खजिना आणि 'प्रेम' तिन्ही आहे, फक्त बंड एका जहाजावर आणि खजिना दुसऱ्या.

१६९४, स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात 'चार्ल्स द सेकंड' नावाचं जहाज कित्येक महिने उभं, खलाशांना पगार नाही. मे महिन्यात एका रात्री एव्हरीने जहाज ताब्यात घेतलं. कप्तान आजारी पडलेला, त्याला आणि ज्यांना यायचं नव्हतं त्यांना होडीत बसवून किनाऱ्याला पाठवून दिलं. रक्त न सांडता बंड. जहाजाचं नाव ठेवलं 'फॅन्सी', आणि पुढच्या वर्षी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून औरंगजेबाचं 'गंज-ई-सवाई' गाठलं, हजच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतत होतं. मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहिलंय की त्यावर ८० तोफा आणि ५२ लाख रुपयांचं सोनं-चांदी होतं. पण त्यांचीच एक तोफ फुटली, गोंधळ उडाला. कप्तान इब्राहिमखान खाली जाऊन लपला आणि तिथल्या दासींना पगड्या घालून लढायला वर पाठवलं म्हणे! औरंगजेब तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत, मराठ्यांच्या मागे लागलेला. बातमी पोचल्यावर सुरतेतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या.

आता प्रेमाचा भाग. लंडनमध्ये कथा पसरली की एव्हरीने जहाजावरच्या मोगल शहजादीशी लग्न केलं आणि मादागास्करला राजा होऊन बसला. नाटक सुद्धा आलं. प्रत्यक्षात जहाजावरच्या बायकांवर कित्येक दिवस अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी खंजीर खुपसून घेतले. हे तेवढ्यापुरतं राहिलं नाही, अजूनही 'राजकन्येचं मन जिंकणारा चाचा' विकला जातो.

मोडकी_सायकल
एव्हरी सापडला का शेवटी?

सातवा_मजला
तो नाही. त्याचे काही साथीदार सापडले. जॉन डॅन म्हणून एक होता, त्याने सोन्याची नाणी जाकिटाच्या अस्तरात शिवून घेतली होती, एक हजाराहून जास्त. सराईतल्या मोलकरणीने जाकीट उचललं, तिला जड लागलं, हा आत. १६९६ ला खटला झाला तेव्हा तर कमाल, गंज-ई-सवाई लुटल्याबद्दल ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं! सरकारची पळापळ, कारण तिकडे औरंगजेब. मग लगेच दुसरा खटला भरला, या वेळी ला कोरुन्याच्या बंडाचा, आणि त्यात लटकवलं. म्हणजे डोलकाठी, मोगलांचा खजिना लुटलेला चालला, पण मालकाचं जहाज पळवलेलं नाही चाललं.

कुरकुऱ्या
हे आवडलं. आणि इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पण आहे, पगार.

प्रश्नचिन्ह
इंग्रजांच्या 'बाउंटी' जहाजाचं काय? ते तर प्रेमापायीच ना, ताहितीच्या बायका सोडवेनात म्हणून?

खारा_वारा
बाउंटीवर खजिना नव्हता, ब्रेडफ्रूटची रोपं होती, फणसाच्या कुळातलं फळ. पाच महिने ताहितीला रोपं वाढवत बसले, तिथे संसार मांडले, आणि मग पुन्हा जहाजावर कप्तान ब्लायच्या शिव्या. २८ एप्रिल १७८९ ला बंड. बायका हे कारण ब्लायनेच पुढे केलं, त्याला ते सोयीचं होतं, नाहीतर म्हणावं लागलं असतं की माझ्या तोंडाला कंटाळले. पण माणूस दर्यावर्दी म्हणून अस्सल, उघड्या होडीतून अठरा जणांना घेऊन ३६०० सागरी मैलांवर तिमोरला गेला.

आणि हेच मला बटाव्हियाच्या त्या होडीबद्दल सांगायचंय. ४८ माणसं, पाण्याची मारामार, नकाशात तो किनारा अर्धामुर्धा, आणि तरी एकही माणूस गमावला नाही. होडी चालवली कुणी? कप्तान याकोब्सने. बंडाचा आरोपी ना तो? मग वाटेत पेल्सार्टला पाण्यात ढकलायला काय हरकत होती, सगळे त्याच्याच हातात होते. नाही ढकलला. कुरकुऱ्यांचा संशय मला याच कारणाने पटतो.

जुनी_वही
किंवा खलाशी साक्षीदार होते म्हणून नाही ढकलला. पण मुद्दा चांगलाय.

आणि त्या होडीत आणखी एक माणूस होतं. झ्वान्ट्ये. कप्तानाने तिला बरोबर घेतलं होतं. लुक्रेशिया मागे, धर्मोपदेशकाचं कुटुंब मागे, जवळजवळ दोनशे लोक पाण्याविना मागे, आणि अठ्ठेचाळीसात मोलकरणीला जागा. कुरकुऱ्या, प्रेमप्रकरण बनावट म्हणताय तर हे कसं बसवणार?

कुरकुऱ्या
...हे मात्र बसवता येत नाही.

निशिगंध२१
आणि आपण तिला वाचवतोय म्हणून दुसऱ्या कुणालातरी मागे ठेवतोय हे त्याला माहीत असणारच. मला हा माणूस आवडत नाही पण ही कथा मी वाचेन.

मोडकी_सायकल
पण बेटावरच्यांचं शेवटी काय झालं ते राहिलंच. आणि चांदीचं.

खारा_वारा
ते मी सांगतो, माझा आवडता भाग. विबे हेस नावाचा साधा सैनिक. कॉर्नेलिसने याला आणि आणखी काहींना 'पाणी शोधा' म्हणून दूरच्या बेटावर पाठवलं आणि होड्या काढून घेतल्या, मरू देत तिकडे म्हणून. तिथे हेसला खरोखरच गोडं पाणी मिळालं, शिवाय वॉलबी म्हणजे कांगारूंचे बारके भाऊबंद. म्हणजे ज्यांना मरायला पाठवलं तेच सगळ्यांत धष्टपुष्ट. कत्तलीतून पोहून निसटलेल्यांनी बातमी आणली, मग त्यांनी दगड रचून आडोसा केला, लाकडाला खिळे ठोकून हत्यारं केली आणि हल्ले परतवले. वर वाटाघाटीला आलेल्या कॉर्नेलिसलाच पकडलं. ते दगडी बांधकाम अजून उभं आहे, ऑस्ट्रेलियातलं युरोपीय लोकांनी बांधलेलं सगळ्यात जुनं.

१७ सप्टेंबरला पेल्सार्ट 'सार्डाम' जहाज घेऊन आला तेव्हा हेसची होडी आणि बंडखोरांची होडी दोन्ही त्याच्याकडे निघाल्या होत्या. हेस आधी पोचला. नाहीतर सार्डामही गेलं असतं. कॉर्नेलिसला २ ऑक्टोबरला दोन्ही हात तोडून फाशी. दोन तरुणांना फाशीऐवजी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सोडून दिलं, थोडे मणी, खेळणी वगैरे देऊन, तिथल्या लोकांशी ओळख करा म्हणून. चांदीच्या १२ पैकी १० पेट्या पाणबुड्यांनी वर काढल्या, आणि त्या पाणबुड्यांत गुजराती होते.

उलटा_चष्मा
विनोद बंद म्हटलं होतं पण गुजराती पाणबुडे ऐकल्यावर राहवेना. चांदी बुडाली कळल्यावर पहिले तेच पोचणार.

प्रश्नचिन्ह
लुक्रेशिया नवऱ्याला भेटली का?

जुनी_वही
वाचली, जावाला पोचली. पण नवरा तोवर वारला होता. नंतर तिने तिथेच एका सैनिकाशी लग्न केलं आणि पुढे दोघं हॉलंडला परतले. पेल्सार्ट १६३० लाच गेला.

डोलकाठी (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. देखणा खलाशी कथेतून बाद, खारा_वारा म्हणतात तसं त्याला दाराची खोलीच नाही. व्यापाऱ्याची बायकोही नायिका नको, निशिगंधच्या प्रतिसादानंतर हात धजत नाही. झ्वान्ट्येच्या बाजूने लिहावं म्हणतोय, होडीतले तेहेतीस दिवस फक्त. समोर पेल्सार्ट बसलेला, सुकाणूवर कप्तान आणि ही मध्ये, तिला दोघांबद्दलही सगळं ठाऊक. एकच अडचण, इतक्या दाटीत हे लोक एकमेकांशी बोलणार काय आणि कसं?

खारा_वारा
फारसं बोलणार नाहीत. घसा कोरडा असतो. पाण्याचं माप हातात कुणाच्या आहे ते आधी ठरवा, बाकीचे संवाद त्यावरून सुचतील.

निशिगंध२१
आणि तिला सुंदर करू नका प्लीज.

उलटा_चष्मा
डेक धुणारा देखणा खलाशी माझ्याकडे पाठवा, मी त्याच्यावर विनोदी कथा लिहितो.